चामखीळ, मस, नाकातला पॉलिप: काढायचं की राहू द्यायचं?

रानजाई | ९ जून, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. लेकाच्या उजव्या हातावर चामखिळी आल्यात, वय ९, आता चौथीत जाईल. दिवाळीत एकच होती, अंगठ्याच्या नखाला लागून, तांदळाच्या कणीएवढी, आम्ही म्हटलं जाईल. आता मोजून सात आहेत. त्याला नखं खायची सवय आहे आणि बसल्या बसल्या त्या कुरतडतो, रक्त काढतो.

मार्चमध्ये शाळेत साखळीचा खेळ चालू होता तर शेजारच्या मुलाने त्याचा हात धरला नाही, "तुझं मला होईल" म्हणाला. तेव्हापासून हा हात खिशात घालून फिरतो. फोटो काढतानाही. सोमवारी शाळा सुरू होतेय आणि आत्ता झोपताना मला विचारलं की सगळ्या बोटांना पट्टी लावून गेलो तर चालेल का. म्हणून हा धागा.

सासूबाई म्हणतात चुना आणि धुण्याचा सोडा कालवून काडीने टेकवायचा, त्यांची हनुवटीवरची त्यांच्या आईने तशीच घालवली. शेजारच्या काकू घोड्याच्या शेपटीचा केस आणून द्यायला तयार आहेत. नवरा म्हणतो काही करू नका, आपोआप जातात. खरंच जातात का? धाकटी तीन वर्षांची आहे, दोघं एकाच टॉवेलला हात पुसतात, तिला होईल का? आणि माझ्या स्वतःच्या मानेवर गेल्या दोन वर्षांत बारीक लोंबत्या चामखिळी आल्यात, मंगळसूत्रात अडकतात, त्या ह्याच का?

चकली | ९ जून, रात्री १०:४०

माझ्या लेकीला गुडघ्यावर होत्या, पाच-सहा. काहीही केलं नाही. दीड वर्षाने एक दिवस आंघोळ घालताना बघते तर गायब, डागसुद्धा नाही. तुमचे मिस्टर बरोबर आहेत :)

अण्णा_सांगलीकर | ९ जून, रात्री ११:०५

घोड्याच्या केसाचा अनुभव माझा स्वतःचा आहे. काखेत लोंबती होती, वडिलांनी टांगेवाल्याकडून केस आणला आणि देठाशी आवळून बांधला. तिसऱ्या दिवशी काळी पडली, पाचव्या दिवशी गळाली. पण नंतर तिथं पू झाला आणि पंधरा दिवस हात वर करता येत नव्हता हेही सांगतो, कारण हा भाग कोणी सांगत नाही. आणि केस बांधायला देठ लागतो. पोराच्या बोटावरची बसकी असणार, तिला काय बांधणार?

त्वचावाली | १० जून, सकाळी ७:२०

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, पुण्यात प्रॅक्टिस करते. न बघता निदान करत नाही, पण धाग्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात त्या आधी सोडवूया, कारण आपण मराठीत चार-पाच निरनिराळ्या वाढींना चामखीळ हा एकच शब्द लावतो.

मुलाच्या बोटांवरचं वर्णन ऐकून तरी ती विषाणूची चामखीळ वाटते. एचपीव्ही नावाच्या विषाणूचे दोनशेच्या वर प्रकार आहेत, त्यातले काही हातापायाच्या कातडीत घर करतात. बारीक चीर, खरचटलेली जागा, कुरतडलेलं नख, अशा वाटेने आत शिरतो आणि काही आठवडे ते काही महिने गप्प बसून मग वर येतो. म्हणून "कोणाकडून आलं" ह्याचा शोध बहुतेक वेळा लागत नाही, त्या नादाला लागू नका. नखं खाणाऱ्या मुलांमध्ये नखाच्या कडेलाच येते आणि कुरतडून तोंडात हात गेला की ओठावरही येऊ शकते. वरचं कातडं जरा खरवडलं की काळे टिपके दिसतात, लोक त्याला मूळ म्हणतात. ते मूळ नाही, बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त असतं. चामखिळीला मूळ नसतंच, ती कातडीच्या वरच्या थरातच असते.

आपोआप जातात का, तर हो, मुलांमध्ये साधारण दोन तृतीयांश दोन वर्षांत जातात, शरीराला उशिरा का होईना तो विषाणू ओळखू येतो. एखाद-दुसरी असती तर मी पण थांबा म्हटलं असतं. पण तुमच्याकडे एकाच्या सात झाल्यात आणि मूल हात लपवतंय. माझ्या मते हे उपचाराला पुरेसं कारण आहे. धाकटीसाठी टॉवेल वेगळा करा, बाकी तिला लांब ठेवू नका, हात धरल्याने सहजासहजी लागत नाही.

तुमच्या मानेवरच्या बहुधा वेगळ्या. मऊ, देठाच्या, लोंबत्या असतात त्या नुसत्या कातडीच्या वाढी, विषाणू नाही, कोणाला लागत नाहीत. त्याबद्दल एक प्रश्न: वजन वाढलंय का आणि मानेचा मागचा भाग काळसर, मखमली झालाय का?

कोकणी_काजू | १० जून, सकाळी ९:१०

कोणी बिब्बा सुचवायच्या आत लिहितो. आमच्या आत्याने गालावरच्या मसावर बिब्बा टेकवला होता, बिब्ब्याची सुई तापवून. मस गेला, पण अर्धा गाल उतला, डोळा सुजून बंद झाला आणि रुपयाएवढा पांढरा डाग आयुष्यभर राहिला. तिचं लग्न त्या डागापायी दोन वर्षं अडलं हे आमच्या घरात अजून बोलत नाहीत. काजूच्या टरफलाचं तेलही तसलंच, आमच्याकडे बी फोडणाऱ्या बायकांची बोटं बघा. बिब्बा, काजू, आंबा, सगळे एकाच कुळातले. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागून ज्यांचं तोंड उललंय त्यांना कळेल मी काय म्हणतोय. रुईच्या चिकाचंही तेच, तो बोटाने डोळ्यात गेला तर डोळ्यावर बेतू शकतं.

रानजाई | १० जून, दुपारी १:३०

त्वचावाली, खूप खूप आभार. वजन वाढलंय, धाकटीच्या वेळचं उतरलंच नाही. मान काळी आहे पण मी समजत होते की दागिन्यांमुळे. चुना-सोड्याबद्दल पण सांगा ना कोणीतरी, सासूबाईंना नुसतं नको म्हणून चालणार नाही, त्या मनापासून सांगतायत, नातवाचा हात त्यांनाही बघवत नाही.

खडूफळा | १० जून, दुपारी ३:४५

विज्ञानाचा मास्तर आहे, हे आपलं क्षेत्र. खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. दोन्ही ओले करून कालवले की जोडीदार बदलतात: एकीकडे खडू तयार होतो, कॅल्शियम कार्बोनेट, आणि दुसरीकडे सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजेच कॉस्टिक सोडा. तुंबलेली मोरी मोकळी करायला वापरतात तोच. तर सासूबाई सांगतात त्यात खोटं काहीच नाही, चामखीळ खरंच जळते. अडचण ही की अल्कलीने भाजलं की ते आत आत उतरत जातं आणि सुरुवातीला फार दुखत नाही, त्यामुळे कुठे थांबायचं हे कळत नाही. काडीवर किती आलं, किती वेळ ठेवलं, मुलाने हात हलवला तर काय, आणि तोच हात डोळ्याला लागला तर? नऊ वर्षांच्या बोटावर, नखाच्या मुळाशी, अजिबात नको. त्यांना ही रिअ‍ॅक्शन समजावून सांगा. जुन्या माणसांना कारण सांगितलं की पटतं, आम्ही मात्र कारण न सांगताच नको म्हणतो.

वैद्य_आघाडा | १० जून, सायंकाळी ७:००

मास्तर, फार छान सांगितलंत, त्याला जोडून. चामखीळ हा शब्दच संस्कृत चर्मकील ह्यावरून आलाय, कातडीतली खुंटी. सुश्रुताने चर्मकील मूळव्याधीच्या, म्हणजे अर्शाच्या अध्यायात घातलाय, आणि नाकातल्या वाढीलाही नासार्श असंच नाव आहे. म्हणजे कातडीवर, गुदद्वारी आणि नाकात उगवणारे मांसाचे कोंब त्याला एका घराण्यातले दिसले. मस म्हणजे मषक, उडदासारखा दिसणारा. तीळ तर तीळच.

आणि उपचार काय सांगितलाय, तर शस्त्राने छाटून मग क्षार किंवा अग्नी. आघाड्यासारख्या वनस्पतींची राख पाण्यात कालवून गाळायची, आटवायची, आणि क्षार कडक करायला त्यात भाजलेले शिंपले, शंख, चुनखडी घालायची. हीच सासूबाईंची रिअ‍ॅक्शन, सोड्याऐवजी राखेतलं पोटॅश. पण पुढचं आपण विसरलो: क्षार लावल्यावर शंभर मात्रा म्हणेपर्यंतच थांबायचं, आणि मग आंबट द्रव घालून तो शमवायचा. किती वेळ ठेवायचा आणि कसा मारायचा हे ज्ञान गळालं आणि नुसता चुना-सोडा घरोघरी उरला. मी स्वतः क्षारकर्म करतो, तरी सांगतो की घरी नको.

खडूफळा | १० जून, सायंकाळी ७:२५

आम्लाने अल्कली शमवायची! मी हे आठवीला शिकवतो आणि हे उदाहरण मला माहीत नव्हतं. उद्याच्या टाचणात घातलं.

माणदेशी | १० जून, रात्री ९:५०

आमच्या आजीनं मला खडेमीठ मुठीत धरून चामखिळीवरनं उतरवायला लावलं आणि मग मागं न बघता वढ्यात टाकायला लावलं. मीठ इरघळलं की चामखीळ इरघळती. शेजारच्या गावात देवीला मीठ आणि केरसुणी वाहायची पद्धत होती ह्याच्यासाठी. आणि माझी गेली बरं का, दोन म्हैन्यांत. मी नास्तिक माणूस पण ते आठवलं की आजीचा हात आठवतो.

थुजाप्रेमी | १० जून, रात्री १०:१५

माझ्या पुतण्याच्या थुजाच्या गोळ्यांनी तीन महिन्यांत गेल्या. होमिओपॅथीला हसणाऱ्यांनी एकदा करून बघावं.

मोजपट्टी | १० जून, रात्री १०:५०

हसत नाही, पण हे बघा. चकलीच्या लेकीच्या काहीही न करता गेल्या. माणदेशींच्या मिठाने गेल्या. पुतण्याच्या गोळ्यांनी गेल्या. जो आजार स्वतःहून जाणारच आहे त्याच्या जाण्याच्या सुमाराला जे करत होतो त्याला श्रेय मिळतं. म्हणून असल्या आजारात कुठलाही उपाय पारखायचा तर शेजारी काहीच न केलेले लोक ठेवावे लागतात. चिकटपट्टीचंच घ्या, जाड चिकटपट्टी सहा दिवस लावून ठेवायची, हा उपाय २००२ साली अमेरिकेत तपासला तेव्हा गोठवण्यापेक्षा सरस निघाला, जगभर बातम्या झाल्या. पुढे नीट तुलना करून तपासलं तर फारसा फरक दिसला नाही. त्यातल्या त्यात पुरावा सॅलिसिलिक अ‍ॅसिडच्या बाजूने आहे, तेही माफक. हे माझं वैयक्तिक मत.

थुजाप्रेमी | १० जून, रात्री ११:००

मग त्या पुतण्याच्या चार वर्षं का नाही गेल्या, गोळ्या सुरू केल्यावरच कशा गेल्या?

मोजपट्टी | ११ जून, सकाळी ६:४०

हे मला सांगता येणार नाही, आणि तुम्हालाही नाही. एका मुलावरून ठरत नाही एवढंच म्हणतोय. पोराच्या गेल्या ह्याचा आनंद मलाही आहे.

पाटलाचा_मळा | ११ जून, सकाळी ८:१५

आमच्याकडं एका कालवडीच्या मानेवर आन सडावर मस आलते, फ्लॉवरच्या गड्ड्यावानी. डॉक्टर म्हणले विषाणूच हाय पण गुरांचा वेगळा, माणसाला येत न्हाई. ती कालवड वेगळी बांधली, धार काढताना तिची शेवटी काढायची, हात धुवून. डॉक्टरांनी तिच्याच मसाचा तुकडा घेऊन त्याची लस करून तिलाच टोचली. चार म्हैन्यांत साफ. कशानं गेली ते आता मोजपट्टी सायेब सांगतील :D

त्वचावाली | ११ जून, सकाळी ८:५०

पाटील, माणसातही ती कल्पना वापरतात! पुष्कळ चामखिळी असल्या की एकीचा तुकडा काढून त्याच रुग्णाच्या हाताच्या कातडीखाली रोवतात, म्हणजे शरीराची फौज जागी होते आणि कधी कधी लांबच्या चामखिळीही झडतात. गोवर-गालगुंडाची एमएमआर लस चामखिळीत टोचण्यामागेही तोच विचार. सगळ्यांना लागू पडत नाही, पण पडते तेव्हा बघत राहावं असं असतं.

खडूफळा | ११ जून, सकाळी ९:३०

थोडं विषयांतर. आपल्याकडे जे असूच शकत नाही त्याला शशशृंग म्हणतात, सशाचं शिंग. अमेरिकेत रानसशांच्या डोक्यावर खरंच शिंगासारख्या वाढी येतात. रिचर्ड शोप यांनी १९३३ मध्ये दाखवलं की तो विषाणू आहे, आपल्या एचपीव्हीचा नातलग. त्याच्या आधी १९०७ मध्ये इटलीत चुफो यांनी माणसाच्या चामखिळीचा अर्क जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतून गाळून टोचला, तरी चामखीळ उगवली. म्हणजे जंतूपेक्षा बारीक काहीतरी आहे. ह्याच माळेत पुढे हॅराल्ड त्सुर हाउझेन, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्हीचे काही प्रकार आहेत हे शोधलं म्हणून २००८ चं नोबेल.

ठाणेकर_भाऊ | ११ जून, दुपारी १२:२०

दाढीवाल्यांनी वाचा. मला जबड्याखाली एक होती. सलूनमध्ये उलटा वस्तरा फिरवायची हौस. तीन महिन्यांत चाळीसच्या आसपास झाल्या, वस्तरा जिकडून जिकडे फिरला तशा ओळीने. डॉक्टर म्हणाले कापलेल्या जागी विषाणू तुम्हीच पेरत गेलात. सुन्न करायचं मलम लावून रेडिओफ्रिक्वेन्सीने दोन बैठकांत जाळल्या, दुखलं ते मुंगी चावल्यासारखं, वास मात्र जळक्या केसांचा. नंतर सहा महिने ट्रिमर, वस्तरा बंद.

सर्दीवाला | ११ जून, रात्री ८:४०

शीर्षकात पॉलिप आहे म्हणून माझं लिहितो. अकरा वर्षं मला सर्दी आहे असंच मी आणि घरचे समजत होतो. नाक बंद, तोंडाने श्वास, रात्री घोरणं. हळूहळू वास गेला आणि मला तो गेलेला कळलाही नाही. एका सकाळी गॅसवर दूध उतू जाऊन करपलं, घरभर धूर, मी दोन फुटांवर पेपर वाचत बसलेलो. बायको धावत आली, मला म्हणाली तुला काहीच येत नाहीये का वास, आणि रडायला लागली. गॅस सुटला असता तर, हे तिच्या मनात आलं.

कानानाकघशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून दाखवलं, दोन्ही नाकपुड्यांत सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट घोस. नाकाच्या आतल्या त्वचेला वर्षानुवर्षं सूज राहून ती लोंबायला लागते, कॅन्सर नाही. दुर्बिणीने ऑपरेशन झालं. आठव्या दिवशी नाक साफ करून घरी आलो तर आई कढीला फोडणी देत होती, मोहरी, हिंग, कढीपत्ता, आणि मी दारातच उभा राहिलो. ते मी कधीच विसरणार नाही.

पण चार वर्षांनी परत आले, कारण स्टेरॉइडचा फवारा मी मनाने बंद केला होता. काढले म्हणजे संपलं असं पॉलिपचं नसतं, मुळातली सूज राहतेच. आता रोज मारतो. ज्यांना पॉलिप आणि दमा दोन्ही आहे त्यांनी अ‍ॅस्पिरिनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारा, काहींना त्याने दम्याचा जोरदार झटका येतो. मला एकदा आलाय.

धानपट्टा | ११ जून, रात्री ९:३०

नाकातला सगळाच मस सारखा नसते. मी गोंदियाचा, मामेभाऊ तिकडे छत्तीसगडात. तो गावतलावात म्हशींसोबत पोहायचा. त्याच्या नाकातला कोंब लालभडक होता, वर पांढरे टिपके, अगदी स्ट्रॉबेरीसारखा, आणि बोट लागलं की भळाभळा रक्त. तो ऱ्हायनोस्पोरिडियम नावाच्या सूक्ष्मजीवाने होते, साचलेल्या तळ्यातल्या पाण्यातून. दक्षिण भारत, श्रीलंका आणि छत्तीसगडात जास्त दिसते. काढून बूड जाळा लागते, नाहीतर पुन्हा येते. नाकातून रक्त येत असंल त सर्दी समजून बसू नका.

दातवाली_ताई | १२ जून, सकाळी १०:००

तोंडातल्याही लिहिते, दंतवैद्य आहे. गालाच्या आत दाताखाली तेच तेच कातडं येऊन वाटाण्याएवढी गुळगुळीत गाठ होते, ती निरुपद्रवी, त्रास असेल तर काढायची. खालच्या ओठाच्या आत निळसर पाण्याचा फुगा येतो, फुटतो, परत येतो, ती लाळेची बारीक ग्रंथी दुखावलेली असते. गरोदरपणात हिरडीवर लाल मांस वाढतं, घासताना रक्त येतं, बायका घाबरतात, बहुतेकींचं बाळंतपणानंतर आक्रसतं.

ह्या सगळ्यांना मी शांतपणे घरी पाठवते. पण पांढरा चट्टा, तंबाखू ठेवायच्या जागी, खरवडून न निघणारा, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा तोंड पूर्ण उघडत नाही, ह्यातलं काही असेल तर ती चामखीळ समजून थांबू नका. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि माझ्या खुर्चीत रोज गुटखा खाणारी पोरं बसतात. एकाने मला विचारलं होतं, "मॅडम, मस आहे ना?" मस नव्हता. तो पंचवीसचा होता.

नीलमोहर | १२ जून, रात्री १०:३०

दातवाली_ताईंचं वाचून लिहायचं धाडस करते. बाबांच्या डाव्या तळपायावर काळा डाग होता, टाचेजवळ. ते म्हणायचे भोवरी आहे, काटा रुतला असेल. स्वतः ब्लेडने तासायचे, कुरुपाची पट्टी लावायचे. दोन वर्षं. मग त्याची कड पसरली, एका बाजूने तपकिरी, मध्ये निळसर, आणि ओलं राहायला लागलं. मेलानोमा निघाला, म्हणजे कातडीचा कॅन्सर, तोवर जांघेत गाठ होती. आम्ही सगळे शिकलेले आहोत. बाबांच्या तळपायाकडे दोन वर्षांत आमच्यापैकी कोणी नीट बघितलं नाही, एवढंच मला वाटत राहतं.

चकली | १२ जून, रात्री १०:४५

नीलमोहर, काय बोलू. जवळ असते तर मिठी मारली असती.

त्वचावाली | १३ जून, सकाळी ७:१०

नीलमोहर, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुमच्यामुळे कोणीतरी आज आपल्या वडिलांचा पाय बघेल.

गोऱ्या लोकांच्या माहितीपत्रकात पाठीवरचा तीळ दाखवतात, पण आपल्याकडे मेलानोमा होतो तेव्हा बरेचदा तळपाय, तळहात, नखाखाली होतो. तीळ दोन्ही बाजूंनी सारखा नसणं, कड फाटलेली, एकात अनेक रंग, सहा मिलिमीटरपेक्षा मोठा, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे बदलत जाणं. चाळिशीनंतर नवा काळा डाग आला, रक्त यायला लागलं, भरेना, तर जाळायचा नाही, बांधायचा नाही, लेझरही नाही. आधी तुकडा तपासायला. पार्लरमध्ये मस जाळून देतात तिथे माझं भांडण हेच आहे, जाळलेल्याचा तपास करता येत नाही.

आणि उलट बाजूही सांगते, नाहीतर सगळे घाबरून बसतील. वयस्कर माणसांच्या पाठीवर, छातीवर मेणाचे थेंब चिकटवल्यासारखे तपकिरी खरबरीत डाग येतात, ते निरुपद्रवी. गालांवर, डोळ्यांखाली मोहरीएवढे काळे मस, आईला होते आणि आता तुम्हाला, तेही. लहान मुलांच्या अंगावर मोत्यासारखे, मधोमध खळी असलेले दाणे येतात, तो देवीच्या कुळातला पण सौम्य विषाणू, बहुतेक वर्षभरात जातो. हाताला सरकणारी मऊ चरबीची गाठ वर्षानुवर्षं तेवढीच असेल तर राहू द्या.

निनावी_आज | १३ जून, रात्री ११:५५

ह्या धाग्यासाठी नवीन आयडी काढलाय. मला नाजूक जागी मस आले होते, लग्नाला दोन वर्षं झाली होती. डॉक्टरकडे जायला आठ महिने लावले. नेटवर वाचलं की संबंधातून येतात आणि मग मी नवऱ्यावर संशय घेतला, त्याने माझ्यावर, महिनाभर आम्ही एका घरात न बोलता राहिलो. शेवटी ज्या डॉक्टरकडे गेले त्यांनी तपासायच्या आधी विचारलं "किती जणांशी". मी उठून आले. दुसऱ्या डॉक्टर बाई चांगल्या होत्या. आता तीन वर्षं काही नाही. पण तो प्रश्न अजून कानात आहे.

त्वचावाली | १४ जून, सकाळी ६:३०

तुम्हाला जो प्रश्न विचारला गेला त्याची मला लाज वाटते. कृपया हे वाचा: हा विषाणू महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षं लक्षणाशिवाय शरीरात राहतो. तो कधी आणि कोणाकडून आला हे कुठल्याही तपासणीत सांगता येत नाही. त्यावरून कोणाच्या चारित्र्याचा निकाल लागत नाही. हे मस बहुतेक ६ आणि ११ ह्या प्रकारांनी होतात, ते कॅन्सरचे प्रकार नाहीत. गर्भाशयमुखाची नेहमीची तपासणी मात्र करत राहा, ती सगळ्याच बायकांनी करावी.

ओवी | १४ जून, सकाळी ९:२०

मग ती एचपीव्हीची लस घेतली तर रानजाईंच्या लेकाच्या चामखिळी जातील का? माझी मुलगी दहा वर्षांची आहे, आमचे डॉक्टर घ्या म्हणतायत.

त्वचावाली | १४ जून, दुपारी २:००

हातावरच्यांसाठी नाही, ते प्रकार वेगळे. पण तुमच्या मुलीला जरूर द्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये आली, ती ६, ११, १६ आणि १८ ह्या चार प्रकारांवर आहे, म्हणजे कॅन्सरचे दोन आणि मसांचे दोन. ९ ते १४ वयात दोनच डोस पुरतात. ऑस्ट्रेलियाने २००७ पासून मुलींना लस द्यायला घेतली आणि काही वर्षांत तरुण मुलींमधले हे मस झपाट्याने कमी झाले. अजून एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते: ६ आणि ११ हे प्रकार कधी कधी आईकडून बाळाच्या स्वरयंत्रात जातात. मूल बसक्या आवाजात रडतं, सगळे सर्दी समजतात, आणि घशात मसांचे घोस असतात, परत परत ऑपरेशन लागतं. पाच वर्षांचं मूल आवाज न येता हसताना बघितलंय मी.

ओवी | १४ जून, दुपारी २:२०

घेतेय. उद्याच. आणि रानजाई, माझ्या मानेवर तुमच्यासारख्याच होत्या, काढायला गेले तर डॉक्टरांनी आधी साखर तपासायला लावली, वाढलेली निघाली. काढल्या नंतर, आधी चालायला लागले. तुम्ही तपासली का?

अण्णा_सांगलीकर | १५ जून, रात्री ८:००

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. काखेतली केसाने पाडली तेव्हा तिशीत होतो, आता साठीत शुगरच्या गोळ्या आहेत.

रानजाई | १७ ऑक्टोबर, सायंकाळी ६:१०

धागा वर काढतेय, चार महिने झाले, सांगायचं राहिलं होतं.

लेकाला जूनमध्येच दाखवलं. डॉक्टरांनी सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं औषध दिलं: रात्री कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं हात बुडवायचा, मऊ झालेलं कातडं कानशीने हलकेच घासायचं, आजूबाजूला व्हॅसलिन आणि फक्त चामखिळीवर थेंब. चेहऱ्यावर हे अजिबात लावू नका म्हणाले, आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी पायावर विचारल्याशिवाय नको. तीन चिवट होत्या त्या द्रवरूप नायट्रोजनने दोनदा गोठवल्या, उणे १९६ अंश असतो हे ऐकून लेकाला इतकं भारी वाटलं की तो रडायचाच विसरला. दुसऱ्या दिवशी फोड आला तेव्हा मात्र रडला.

हा रोजचा कार्यक्रम कोणी केला सांगू? सासूबाईंनी. खडूफळांची रिअ‍ॅक्शन मी त्यांना कागदावर लिहून दाखवली, त्या बराच वेळ बघत बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या आईला कोणी सांगितलं असतं तर हनुवटी बरी राहिली असती." मग चार महिने रोज साडेआठला तसराळं घेऊन बसल्या, गोष्ट सांगत सांगत. त्याने नखं खाणं त्या गोष्टींच्या नादात सोडलं. सहा गेल्या. धाकटीला एकही नाही.

माझी साखर काठावर निघाली, मधुमेहाच्या अलीकडे. ओवी, त्वचावाली, तुम्ही विचारलं नसतं तर मी नुसत्या चामखिळी कापून आले असते. मानेवरच्या अजून आहेत तशाच, मंगळसूत्र डब्यात गेलंय, पाच किलो उतरलेत.

आणि सासऱ्यांचे तळपाय बघितले. नीलमोहर, त्यांच्या टाचेवर नुसती भोवरी आहे, दाखवून आणली.

एक प्रश्न आहेच. पहिली, अंगठ्याच्या नखालगतची, अजून आहे, तांदळाच्या कणीएवढीच. डॉक्टर म्हणतात नखाच्या मुळाशी परत गोठवलं तर नख वाकडं येऊ शकतं, थांबूया. थांबू ना?

त्वचावाली | १७ ऑक्टोबर, रात्री ९:४५

थांबा. नखाजवळच्या सर्वांत हट्टी असतात. औषध चालू ठेवा, तीन महिन्यांनी परत दाखवा. मुलगा हात खिशातून काढतो का आता?

रानजाई | १७ ऑक्टोबर, रात्री १०:०५

कोजागिरीचा सोसायटीतला फोटो आहे, सगळी पोरं हात पसरून उभी आहेत. त्यात हाही आहे.